सोन्याचं पाणी, पाच धागे : एका प्लेटच्या नोंदी

२ डिसेंबर

सोनं आलं. एक ग्रॅम क्लोरोऑरिक आम्ल, बोटाएवढ्या काचेच्या कुपीत. रंग हळदीत केशर कालवल्यासारखा. मॅडमनी बजावलं होतं की हे हवेतला ओलावा ओढून पाघळतं, त्यामुळे थोडं थोडं काढून तोलायच्या भानगडीत पडू नका. सबंध कुपी एकदम पाण्यात विरघळवली. साधारण पंचवीस मिली, शंभर मिलिमोलर (मिलिमोलर हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप). स्टीलचा चमचा लावायचा नाही, चमच्यावरच सोनं चढतं. तपकिरी बाटली, वर फॉइल, फ्रिजमध्ये मागच्या बाजूला. बाटलीवर जोडीदारानं चिठ्ठी लावली : ‘गुजरीचा माल, हात लावू नये’. गुजरी म्हणजे आमच्या कोल्हापूरची सराफ पेठ. जोडीदार हुपरीचा, घरात चांदीचं काम. यापुढे त्याला हुपरीकरच म्हणेन.

प्रकल्प काय आहे ते एकदाच लिहून ठेवते. पाण्यात मिसळलेला धातू कोणता, हे डीएनएच्या आखूड धाग्यांनी आणि सोन्याच्या नॅनोकणांनी ओळखायचं. एक धागा एक धातू असं नाही. पाच वेगवेगळे धागे, पाचही अर्धवट विश्वासू, आणि पाचांच्या उत्तरांचा मिळून एक नमुना. याला सेन्सर अ‍ॅरे म्हणतात. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आहे, पैसे बेताचे आहेत, मुदत मार्चअखेर.

५ डिसेंबर

पहिला घाणा वाया गेला.

सोनं उकळत्या पाण्यात, त्यात सोडियम सायट्रेट एकदम ओतायचं. ही टर्केविच यांची १९५१ ची कृती. १९७३ मध्ये फ्रेन्स यांनी दाखवलं की सायट्रेटचं प्रमाण बदललं की कणांचा आकार बदलतो. आम्हाला १३ नॅनोमीटरचे कण हवेत. शंभर मिलीत एक मिलिमोलर सोनं, त्यात अडतीस पूर्णांक आठ मिलिमोलर सायट्रेटचे दहा मिली. वाचताना शिरा करण्याइतकं सोपं वाटतं.

झालं काय, तर फिकट पिवळं द्रावण पांढरं पडलं, मग काळपट जांभळं झालं आणि तिथंच अडून बसलं. वीस मिनिटं उकळून तळाशी काळी पूड. लॅबमामा डोकावून म्हणाले, “ताई, हे झारेकऱ्याला द्या आता.” गुजरीतल्या सोनाराच्या दुकानापुढची माती धुऊन सोन्याचा कण काढणारे ते झारेकरी. विनोद चांगला होता, पण तेव्हा हसू आलं नाही.

दोष सापडला दुपारी. आतला फिरता चुंबक शेजारच्या गटाकडून आणलेला, त्यांचं मोरचुदाचं काम चालतं, आणि त्याच्या पांढऱ्या कवचावर चरे होते. चऱ्यात काय काय बसलं असेल कोण जाणे. काचसामानही नुसतं साबणानं धुतलेलं. मग अम्लराज केलं, तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक, धुराड्याखाली, मॅडम शेजारी उभ्या. फ्लास्क त्यात भिजवला, दहा वेळा ऊर्ध्वपातित पाण्यानं खंगाळला, चुंबक नवा घेतला.

दुसरा घाणा. सायट्रेट पडलं, पिवळं गेलं, पाणी क्षणभर बिनरंगी, मग शाईचा थेंब पडावा तसं करडं, मग जांभळं. आम्ही दोघं श्वास रोखून. आणि मग कडेनं लाल यायला लागलं. कोकमाचं सरबत, अगदी तोच रंग. फॅरेडेनं १८५७ मध्ये असंच लाल सोनं केलं होतं, लाल रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे आहे हे त्यानंच ओळखलं. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (कुठल्या रंगाचा उजेड किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र) शोषणाचं शिखर ५२० नॅनोमीटरला, जिथं हवं तिथं. हुपरीकरनं बाटलीचा फोटो घरी पाठवला. आईचं उत्तर : “हे सोनं मोडीत घेतील का?”

९ डिसेंबर

धागे आले. म्हणजे डीएनएचे कृत्रिम तुकडे, पंधरा ते एकवीस अक्षरांचे. अक्षरं म्हणजे डीएनएचे चार घटक : ए, टी, जी आणि सी. दर अक्षरामागे पैसे, त्यामुळे मागणी लिहिताना पूर्वी तार करताना शब्द मोजायचे तसं झालं. पाच प्रकार :

टी : बहुतेक सगळी अक्षरं टी. पारा दोन टींच्या मध्ये बसतो आणि त्यांना जोडतो.
सी : ‘सीसीसीटीएए’ अशी आवर्तनं. चांदीसाठी, कारण ती दोन सींच्या मध्ये बसते.
जी : जीजीटीटीजीजीटीजीटीजीजीटीटीजीजी. पंधरा अक्षरं. हा धागा मुळात १९९२ मध्ये थ्रॉम्बिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाला चिकटणारा म्हणून निवडला गेला. त्याची चौपदरी घडी पडते.
ए : वीस ए, बाकी काही नाही. सोन्याला सगळ्यात घट्ट चिकटणारा.
मिश्र : काही अर्थ नसलेला. मुद्दाम.

नळी उघडली तर रिकामी! मी तर कंपनीला फोन लावायच्या बेतात. सुकवलेला डीएनए तळाला चिकटलेला असतो, डोळ्यांना दिसतच नाही, कधीकधी प्रवासात सुटून झाकणात जाऊन बसतो. म्हणून आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून मग झाकण काढायचं. हे नळीवरच्या कागदावर छापलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. मिश्र धाग्याचं झाकण मी तसंच उघडलं होतं. पाण्यात घेऊन मोजलं तर निम्मासुद्धा भरेना. बाकीचा टेबलावर किंवा माझ्या ओढणीवर.

१६ डिसेंबर

संध्याकाळी गटात वाचन. माझी पाळी.

डीएनए म्हणजे वारसा, जनुक, पोलिसांचा तपास, एवढंच आपल्या डोक्यात असतं. पण १९८२ मध्ये नेड सीमन यांनी मांडलं की याच रेणूचे सांधे जोडून जाळी बांधता येईल. वारशाशी संबंध नाही, नुसता बांधकामाचा माल म्हणून. २००६ मध्ये पॉल रॉथेमंड यांनी एका विषाणूचा सात हजारांवर अक्षरांचा लांब धागा घेतला, दोनशेवर आखूड धाग्यांनी त्याला जागोजागी टाचला, आणि हवी ती आकृती केली. हसरा चेहरासुद्धा. मधल्या काळात, १९९६ ला, चॅड मर्किन आणि पॉल अलिव्हिसाटोस यांच्या गटांनी एकाच अंकात डीएनए लावलेले सोन्याचे कण दाखवले. १९९० मध्ये दोन वेगळ्या प्रयोगशाळांत कोट्यवधी यादृच्छिक धाग्यांतून हव्या त्या रेणूला चिकटणारा नेमका धागा चाळून काढायची पद्धत निघाली. त्या धाग्यांना अ‍ॅप्टामर म्हणतात. आमचा जी त्यातलाच.

हे सगळं मी भराभर सांगितलं कारण मला २००४ वर यायचं होतं. ली आणि रॉथबर्ग यांचं काम. रासायनिक गाठ वगैरे काही न मारता, साधे सायट्रेटवाले सोन्याचे कण आणि साधा डीएनए. एकपदरी धागा लवचिक असतो, त्याची अक्षरं उघडी असतात, तो सोन्याला लपेटून बसतो. मग मीठ टाकलं तरी कण एकमेकांना चिकटत नाहीत, पाणी लालच राहतं. तोच धागा दुपदरी झाला की ताठ होतो, अक्षरं आत जातात, सोनं सोडतो. उघडं सोनं मिठात गोळा होतं आणि निळं पडतं.

हुपरीकर म्हणाला, “म्हणजे धागा सोन्यावर पांघरूण. धातू आला की पांघरूण स्वतःच स्वतःची घडी घालतं.” माझ्या पंधरा स्लाइडांपेक्षा बरं सांगितलं त्यानं.

१९ डिसेंबर

पहिली प्लेट. शहाण्णव खळगे. एका नमुन्याला सोळा : पाच धागे प्रत्येकी तीनदा आणि एक खळगा बिनपांघरुणाच्या सोन्याचा (त्यात मीठ घालायचं नाही). म्हणजे प्लेटमध्ये सहा नमुने. प्लेट वाचायचं यंत्र शेजारच्या विभागाचं, आम्हाला मंगळवार-शुक्रवार चार ते पाच. ६२० आणि ५२० नॅनोमीटरच्या शोषणाचं गुणोत्तर काढायचं. कमी म्हणजे लाल, जास्त म्हणजे निळं.

पारा : टीचे तिन्ही खळगे डोळ्यांदेखत जांभळे. नाचलो. (पाऱ्याचं सगळं सांडपाणी वेगळ्या लाल झाकणाच्या कॅनमध्ये जातं, बेसिनमध्ये थेंबही नाही. मॅडम रोज कॅनची पातळी बघतात.)

चांदी : काहीच नाही. सी लाल, सगळं लाल. पुन्हा केलं, लाल. मी धाग्याला दोष देत होते. हुपरीकरनं चांदीची पातळ केलेली कुपी उजेडाकडे धरली आणि म्हणाला, “अगं, हे दुधाळ झालंय.” मग स्वतःच कपाळावर हात मारला. “आमच्याकडं भट्टीच्या पाण्यातली चांदी अशीच काढतात की. नायट्रिकमध्ये विरघळवायची आणि मीठ टाकायचं. चांदी खाली बसती.”

आम्ही सिल्व्हर नायट्रेट मिठाच्या बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, पातळ केलं होतं. मीठ म्हणजे क्लोराइड. क्लोराइड पन्नास मिलिमोलर असताना मोकळी चांदी उरते जेमतेम तीन-चार नॅनोमोलर. बाकीची तळाला. गे-ल्युसॅक यांनी १८३० च्या दशकात चांदीचा टंच काढायची पद्धत याच पांढऱ्या साक्यावर उभी केली, आणि हुपरीच्या पोराला ते घरी बसून माहीत. पाठ्यपुस्तकात आम्ही दोघांनीही हे अकरावीत शिकलेलं आहे, तो भाग वेगळा.

आता मीठ बदललं. सोडियम क्लोराइड गेलं, सोडियम नायट्रेट आलं. फॉस्फेटचा बफरही बंद, कारण उद्या शिशाचं तेच होणार होतं.

२ जानेवारी

चांदी लागली! सी निळा, बाकी लाल. पण आनंद अर्धा तास टिकला. त्याच प्लेटमध्ये जस्ताच्या खळग्यातही सी निळा. आणि तांब्याच्याही. सीला सगळेच आवडायला लागले.

तीन दिवस यात गेले. शेवटी मॅडमनी विचारलं, “प्रमाण द्रावणं कुठली वापरलीत?” कपाटातली, धातूचं प्रमाण छापलेली, दुसऱ्या यंत्रासाठी आणलेली. “ती कशात असतात?” बाटली फिरवून वाचलं. पातळ नायट्रिक आम्लात. धातू भिंतीला चिकटू नये म्हणून ती तशीच येतात.

आणि सीची आवर्तनं असलेला धागा आम्लात काय करतो? स्वतःहून घडी घालतो, कुठलाही धातू नसला तरी. दोन सींच्या मध्ये चांदीऐवजी एक प्रोटॉन बसतो. या घडीला आय-मोटिफ म्हणतात. हे मला माहीत होतं, नुसतं माहीत नव्हे, यावर मी सेमिनार दिलेला आहे! बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन संस्थेत यमुना कृष्णन यांच्या गटानं २००९ मध्ये याच घडीवर चालणारं डीएनएचं यंत्र केलं, आय-स्विच. जिवंत पेशीच्या आत जाऊन तिथली आम्लता सांगणारं. पेशी बाहेरचा माल आत ओढून घेते तेव्हा त्या पिशवीत आम्ल वाढत जातं, ते त्यांनी या स्विचनं टिपलं. त्यांनी जे मुद्दाम घडवलं ते आमच्या प्लेटमध्ये चुकून घडलं, आणि आम्ही त्याला जस्त म्हणालो.

आता प्रत्येक नमुन्याची आम्लता (पीएच) आधी सात पूर्णांक दोनवर आणायची. नोंद मोठ्या अक्षरात भिंतीवर.

९ जानेवारी

आज जी बिघडला. काहीच न घातलेल्या पाण्यातही अर्धवट जांभळा. जीची चौपदरी घडी पोटॅशियमच्या आधारानं पडते, पोटॅशियम घडीच्या मधोमध बसतं. पण आमच्या बफरमध्ये पोटॅशियम नाहीच! होतं. भिंतीवरची नोंद वाचून हुपरीकरनं आम्लता जुळवली ती पोटॅशियम हायड्रॉक्साइडनं, कारण तीच बाटली हाताशी होती. सोडियमवालं वापरून पुन्हा केलं. बरंच सुधारलं, पूर्ण नाही. मग लक्षात आलं की आम्लता मोजायच्या मीटरची काचेची कांडी आतून पोटॅशियम क्लोराइडनं भरलेली असते आणि ते थोडं थोडं झिरपतंच. कांडी थेट बफरमध्ये बुडवायची नाही, वाटीत थोडं काढून घ्यायचं, मोजायचं आणि ते ओतून द्यायचं.

मामांचा शेरा : “एवढं सोवळं तर आमच्या आजीचं बी नव्हतं.”

१३ जानेवारी

आजची नोंद सावकाश लिहिते, कारण आज पहिल्यांदा मला हा प्रकल्प कळला.

शिसं घातलं. जी निळा. पोटॅशियम जास्त घातलं. जी निळा. म्हणजे जीला विचारलं तर शिसं आणि पोटॅशियम एकच. आणि पोटॅशियम म्हणजे काही दुर्मिळ चीज नाही. ऊसपट्ट्यात राहतो आपण, पोटॅशची पोती प्रत्येक शेतकऱ्याच्या पडवीत. एकट्या जीवर भरवसा ठेवला असता तर कुणाच्या तरी उसाच्या पाटाला विष ठरवून मोकळे झालो असतो.

पण बाकीच्या खळग्यांकडे पाहिलं तेव्हा फरक दिसला. पोटॅशियममध्ये जी सोडून कुणी हललंच नाही. शिशामध्ये मिश्र किंचित जांभळट, बिनपांघरुणाचं सोनं स्पष्ट निळसर, ए मात्र ठाम लाल. शिशाचा आयन दुहेरी भाराचा, तो सायट्रेटलाही धरतो आणि धाग्याच्या पाठकण्यालाही. म्हणजे जी जिथं फसतो तिथं मिश्र फसत नाही. मिश्र दुसरीकडे फसतो.

आतापर्यंत मी प्रत्येक धाग्याला शुद्ध करत बसले होते, की तू फक्त चांदी ओळख, तू फक्त पारा. त्याची गरजच नाही. पाचही जण चुकले तरी चालतील, एकसारखे चुकता कामा नयेत. पाचही धागे सारखेच घाबरट असते तर पाच घेऊन उपयोग काय, एकच पाच वेळा विचारल्यासारखं. अर्थ नसलेला मिश्र धागा मी कंजूषपणे शेवटी घेतला होता, तो सगळ्यात कामाचा निघाला.

कल्पना जुनी आहे. १९८२ मध्ये पर्सॉड आणि डॉड यांनी नाकाची नक्कल केली ती अशीच : आपल्या नाकातही एका वासाला एक कळ नसते, बऱ्याच कळा कमीजास्त दाबल्या जातात. २००० मध्ये सस्लिक यांच्या गटानं रंग बदलणाऱ्या ठिपक्यांची पट्टी केली, वास ‘बघायला’. डीएनएचा फायदा एवढाच की वेगळ्या स्वभावाचा ठिपका हवा असेल तर नवं रसायन शोधावं लागत नाही. अक्षरं बदलून मागणी लिहायची.

हुपरीकरला कसोटीचा दगड आठवला. त्याच्या मते सराफ एका रेघेवरून कस सांगत नाही. शेजारी ठाऊक कसाच्या सळ्यांच्या रेघा ओढतो, आम्ल लावतो आणि कुठली कशी विरते ते पाहून आपली कुठं बसते ते ठरवतो. रेघ एकटी काहीच बोलत नाही.

२३ जानेवारी

पंचेचाळीस नमुने झाले. पाच गट : पारा, चांदी, शिसं, पोटॅशियम आणि कोरं. आता आकड्यांचं काम. रेषीय विभेदन विश्लेषण, म्हणजे मापांवरून नमुना कुठल्या गटातला ते ठरवायची फिशर यांची १९३६ ची पद्धत. त्यांनी आयरिसच्या तीन जातींची दीडशे फुलं घेतली होती, प्रत्येकाची पाकळ्यांची आणि निदलांची मिळून चार मापं. आमच्याकडे फुलांऐवजी पाण्याचे नमुने आणि चार मापांऐवजी सहा.

संगणकानं पंचेचाळीसपैकी चव्वेचाळीस बरोबर सांगितले. मिसळ खायला गेलो. कट दोनदा घेतला.

परत आल्यावर मॅडमनी एक प्रश्न विचारला आणि मिसळ उतरली. “शिकवायला वापरलेले आणि परीक्षेला वापरलेले नमुने एकाच प्लेटमधले होते का?” होते. एक नमुना बाजूला काढून बाकीच्यांवर शिकवत होतो खरं, पण त्याचे सख्खे भाऊ, त्याच दिवसाचे, त्याच सोन्याच्या घाण्यातले, शिकवणीत बसलेले. पेपर फुटलेलाच होता की.

आता अख्खा दिवस बाजूला काढून परीक्षा घेतली. पंचेचाळीसपैकी एकोणतीस. घाणा बदलला की सोन्याचा लालपणा किंचित बदलतो आणि संगणक तेवढ्यावरच फसतो. उपाय म्हणून प्रत्येक खळग्याच्या आकड्यातून त्याच प्लेटमधल्या कोऱ्या पाण्याचा आकडा वजा केला. एकोणचाळीस. या एकोणचाळीसचा मला चव्वेचाळीसपेक्षा जास्त अभिमान आहे.

अजून एक गंमत. तांब्याचा नमुना दिला, जो त्याला कधी शिकवलाच नव्हता. बेधडक म्हणाला, शिसं. या पद्धतीला ‘माहीत नाही’ म्हणता येत नाही, ठाऊक गटांपैकी जवळचा गट सांगून मोकळी होते. आमच्याकडे पत्ता विचारल्यावर माहीत नसलं तरी हात कुठंतरी दाखवतात, तसं. एक मर्यादा घातली : सगळ्या गटांपासून अमुक अंतरापेक्षा लांब असेल तर ‘अनोळखी’ म्हणायचं.

३ फेब्रुवारी

खरं पाणी. इतके दिवस ऊर्ध्वपातित पाण्यात खेळत होतो.

आधीच स्पष्ट करते : नदीत किंवा नळात काय आहे हे सांगायचा आमचा दावा नाही. आम्ही स्वतः मिसळलेला धातू त्या पाण्यात ओळखू येतो का, एवढंच.

माझ्या घरच्या बोअरचं पाणी : धातू घातलाच नाही, मीठही घातलं नाही, तरी सोनं लगेच निळं. बोअरचं पाणी जड. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही दुहेरी भाराचे, मिठाचं काम तेच करून टाकतात. घरी कुकरच्या तळाला जो पांढरा थर बसतो, तोच इथं आमच्या मुळावर आला.

पंचगंगा घाटावरचं पाणी : नेमकं उलटं. पहाटे सहाला जाऊन आणलं, हात गारठले. वस्त्रगाळ करून मग बारीक गाळणीतून. मीठ घातलं, लाल. पारा घातला, लाल. आणखी मीठ, तरी लाल. कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेले सेंद्रिय रेणू सोन्यावर आपलं पांघरूण घालतात आणि ते पांघरूण काही केल्या घडी घालत नाही.

एक पाणी काही न करता निळं, दुसरं काही केल्या लाल. जेवणाच्या सुट्टीत कुणी बोललं नाही.

१० फेब्रुवारी

धागा सोन्याला पक्का बांधून पाहिला. वॉटर्लू विद्यापीठातल्या गटानं २०१७ मध्ये दाखवलेली युक्ती फार गोड आहे : टोकाला गंधक असलेला धागा आणि सोनं एकत्र करून नुसतं गोठवायचं. बर्फ होताना पाण्याचे स्फटिक स्वच्छ राहतात आणि धागा, मीठ, सोनं सगळं उरलेल्या चिंचोळ्या जागेत दाटीवाटीनं ढकललं जातं. दाटीतच गाठ बसते. पूर्वी याला दीड-दोन दिवस थेंबथेंब मीठ घालत बसावं लागायचं.

दोन नळ्या फ्रीझरमध्ये, एकीत धागा, एकीत नाही. दोन तासांनी काढल्या. धाग्याची वितळल्यावर कोकमासारखी लाल. बिनधाग्याची पाण्यासारखी स्वच्छ, तळाला काळा ठिपका. इतका सरळ फरक या प्रकल्पात क्वचित दिसला.

बांधलेलं सोनं बोअरच्या पाण्यातही लाल राहिलं. फक्त आता ते पारा घातल्यावरही लालच राहिलं! पांघरूण शिवूनच टाकलं, ते सुटणार कसं? टिकाऊ झालं आणि मुकं झालं. यावर वेगळी रचना लागते, दोन धाग्यांची, दुव्यासहित. मार्चमध्ये होणार नाही. बंद.

२० फेब्रुवारी

हिशेब मांडला. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे साधारण ४८ नॅनोमोलर. आमची प्लेट भरवशानं ओळखते ती पाच मायक्रोमोलरला (पाच हजार नॅनोमोलर), म्हणजे मर्यादेच्या शंभर पट. शंभर पट शिसं असलेलं पाणी ओळखणारं उपकरण ‘घरोघरी पाणी तपासा’ म्हणून कुणाला देऊ नये. अहवालात हे पहिल्या पानावर जाणार. हुपरीकरला ते शेवटच्या पानावर हवं होतं. भांडलो. पहिल्या पानावर ठरलं.

मग त्यानंच विचारलं, “बोअरचं आपोआप निळं, नदीचं निळं होतच नाही. पण हे दर वेळी तसंच होतंय न्हवं?” होतंय. सात दिवस, तीन घाणे, दर वेळी तसंच. “मग धातू कशाला, पाणीच ओळखू की.”

मी त्याच्याकडे बघत बसले. ज्याला तीन आठवडे अडथळा म्हणत होतो, तोच नमुना होता. जडपणा, सेंद्रिय माल, क्लोराइड, आम्लता, प्रत्येक धाग्याला वेगळं ढकलतात. प्रश्न बदलला : हे पाणी कुठलं? नळ, बोअर, पंचगंगा, रंकाळा तलाव. दहापट पातळ करून, म्हणजे बोअर एकदम गोळा होणार नाही.

६ मार्च

आंधळी चाचणी. आठ बाटल्या, भरणारे मामा, आकडे मामांच्या वहीत, वही मामांच्या खिशात. आम्हाला कुठल्या बाटलीत काय ते ठाऊक नाही, एकाच जागचं पाणी दोनदा असू शकतं.

चारला प्लेट यंत्रात. रंग नुसते बघूनच नदीच्या बाटल्या कळल्या, बाकी संगणकावर सोडलं. एक रंकाळा, दोन नळ, तीन पंचगंगा, चार बोअर, पाच नळ, सात पंचगंगा, आठ रंकाळा. सहा : अनोळखी. आलेखावर सहाचा ठिपका नळ आणि बोअरच्या घोळक्यांच्या मध्ये एकटाच.

मामांनी चष्मा लावला, वही काढली, एकेक वाचत गेले. सगळे बरोबर. सहावर थांबले.

“सहा नळाचं हाय.”

मी म्हटलं, मामा, ते नळाचं नाही वाटत. पुन्हा बघा ना.

“नळाचंच लिवलंय की हितं.” मग जरा वेळानं, वहीकडे बघतच, “म्हंजे, नळ मधीच गेला. अर्धी बाटली झाल्ती. वरची बोअरनं भरली. तेवढ्यानं काय हुतंय म्हटलं.”

हुपरीकर खुर्चीवरून उठून दारापर्यंत जाऊन परत आला. मामा घाबरले, “चुकलं व्हय काय?”

उद्या नळ आणि बोअर पाव, निम्मं, पाऊण असं मिसळून तीन बाटल्या करायच्या आहेत. ठिपका त्या दोन घोळक्यांच्या मधल्या रेषेवरून सरकतो की भलतीकडे वळतो ते बघू. सोनं एका घाण्यापुरतं उरलंय.